आकाशकंदील मुरगळतो तो कागदामुळे नव्हे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गेल्या दिवाळीत तुम्ही मुलीबरोबर वर्तमानपत्राच्या नळ्यांचा पारंपरिक घाटाचा आकाशकंदील केलात: वर एक चौकोन, खाली एक चौकोन, चारी बाजूंना कोपऱ्यावर उभे केलेले चार चौकोन आणि त्यांच्या बेचक्यांत त्रिकोण. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत टांगला तेव्हा तो सरळ होता. दोन-तीन दिवसांत एका अंगाला मुरगळला, कागदावर तिरक्या सुरकुत्या पडल्या आणि भाऊबीजेच्या आधीच एक बाजू फाटली. आता तुम्ही विचारताय की यंदा जाड कागद घेऊ, खळीऐवजी फेविकॉल वापरू, की नळ्यांचा नाद सोडून सरळ बांबूच्या कामट्या आणू? आणि खर्च शंभर रुपयांच्या आत ठेवायचाय, शक्यतो घरातल्याच वस्तूंत.

या तिन्हींची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी मी शाळांमधून आणि सोसायट्यांमधून मुलांकडून कंदील करून घेतो, आणि अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वरच्या आणि खालच्या तोंडाला आडवं काही बांधलं होतं का? बहुतेकांनी बांधलेलं नसतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोतही वरचं तोंड मोकळंच दिसतंय आणि त्याचा चौकोन पतंगासारखा तिरका झालाय. कंदील मुरगळला तो तिथून. कागद बिचारा जमेल तितकं ओढून धरत होता, शेवटी फाटला.

कागदाला हात लावण्याआधी मुलीबरोबर एक छोटा प्रयोग करा. तीन नळ्या दोऱ्यात ओवून त्रिकोण बांधा, चार नळ्या ओवून चौकोन बांधा. त्रिकोण कसाही दाबा, ओढा, आकार सोडत नाही. चौकोन मात्र हात लावताच तिरका होतो, आणखी दाबला तर पार मिटतो. चारही बाजू तितक्याच लांबीच्या राहतात, तरी आकार बदलतो. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्याच सामानावर हे कितीतरी मुलांना दाखवलंय. वर्गात फळ्यावर तासभर समजावून जे पोचत नाही, ते या दोन आकृत्या हातात दिल्या की मिनिटभरात पोचतं.

आता आपला कंदील मोजू. सगळ्या काड्या सारख्या लांबीच्या, एकूण २४. कोपरे १२. चौकोन ६, त्रिकोण ८. अशा जोडसांगाड्यांसाठी जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता: कोपऱ्यांची संख्या तिप्पट करा, त्यातून ६ वजा करा, सांगाडा ताठ राहायला निदान तेवढ्या काड्या लागतात. आपले कोपरे १२, म्हणून ३६ वजा ६, म्हणजे ३०. काड्या आहेत २४. सहा कमी पडतात, आणि कंदिलात चौकोनही बरोबर सहाच आहेत. प्रत्येक चौकोनाला एक कर्ण दिला की हिशेब पुरा होतो. मुलगी सहावी-सातवीत असेल तर ही वजाबाकी तिलाच करू द्या. कर्ण हा भूमितीच्या पुस्तकातला शब्द घरात टांगलेल्या वस्तूला ताठ उभं करतो, हे तिला स्वतःला सापडलं पाहिजे.

तुमच्या कंदिलात काय झालं ते यावरून लक्षात येईल. चौकोनावर ताणून चिकटवलेला कागद हा कर्णाचंच काम करतो. चौकोन डावीकडे झुकायला लागला की कागदाची एक तिरकी रेघ ताणली जाते, उजवीकडे झुकला की दुसरी. बाजूच्या चार चौकोनांवर कागद होता, म्हणजे चार कर्ण मिळाले. वरचं आणि खालचं तोंड मोकळं, तिथले दोन मिळाले नाहीत. तीसच्या जागी अठ्ठावीस. असा कंदील टेबलावर सरळ बसतो, पण वाऱ्यावर झुलायला लागला की उरलेल्या दोन मोकळ्या चौकोनांतून पिळत जातो. त्रिकोणांवरचा कागद इथे कामाला येत नाही, कारण त्रिकोण मुळातच ताठ असतो. म्हणून चांगला, न चुरगळलेला, अखंड कागद चौकोनांना ठेवायचा आणि त्रिकोणांना जोडकागद, गेल्या वर्षीचा उरलेला, भेटवस्तूवरून काढलेला, काहीही चालतो.

सामान काय घ्यायचं ते थोडंफार तुमच्या परिस्थितीवर आहे. बाल्कनीत पाऊस आत येत असेल तर वर्तमानपत्राच्या नळ्या नकोत. दिवाळी ऑक्टोबरात आली की परतीचा पाऊस एखादी संध्याकाळ हमखास गाठतो, आणि ओली नळी वाळल्यावरही पूर्वीइतकी ताठ होत नाही. तिथे कामट्या बऱ्या. पुण्यात बुरूड आळीत कामट्या मिळतात, गावात बुरूडाकडे टोपल्यांचे तुकडे पडलेले असतात, आणि घरात बांबूचा जुना पडदा असेल तर तुमचं काम फुकटात झालं. कामटीच्या कडेचं कूस बोटात जातं, म्हणून मुलांच्या हातात द्यायच्या आधी पॉलिशपेपर मारून घ्या. पावसाचा त्रास नसेल, वर स्लॅब असेल, तर वर्तमानपत्राच्या नळ्याच घ्या असं मी सांगेन. त्या मुलांना स्वतः करता येतात, आणि कामट्यांना लागणारा कोयता किंवा चाकू घरात काढावा लागत नाही.

नळीचं तंत्र नीट सांगतो, कारण इथे घाई केली की नळी पुढे वाकते. वर्तमानपत्राचं एक सुटं पान घ्या, दोन पानांचा जोड नको. विणकामाची जाडसर सुई पानाच्या एका कोपऱ्यावर तिरकी ठेवा, म्हणजे सुई आणि पानाची कड यांच्यात साधारण अर्ध्या काटकोनाचं अंतर राहील. पहिले दोन-तीन वेढे घट्ट बसले पाहिजेत. ते सैल बसले तर पुढचं सगळं सैल होतं, मग उलगडून परत सुरू करा. पान संपत आलं की शेवटच्या कोपऱ्याला बोटाच्या पेराएवढी खळ लावून दाबून धरा आणि सुई ओढून काढा. नळी दोन्ही टोकांना निमुळती आणि लिबलिबीत असते, कारण तिथे कागदाचे वेढे कमी. ती टोकं कापून टाकायची आणि मधल्या ताठ भागातून २० सेंटिमीटरचे दोन तुकडे काढायचे. म्हणजे २४ काड्यांना बारा सुटी पानं. एक-दोन दिवसांच्या वर्तमानपत्रात भागतं. चकचकीत पुरवणीचा कागद घेऊ नका, तो गुंडाळताना घसरतो आणि खळ धरत नाही.

कापताना एक पथ्य पाळा. पहिली काडी पट्टीने मोजून २० सेंटिमीटरची कापा, तिच्यावर पेनाने खूण करा आणि बाकी सगळ्या काड्या तिच्याशीच लावून कापा. मुलं काय करतात, नुकतीच कापलेली काडी पुढच्या काडीला माप म्हणून धरतात. दर वेळी केसभर फरक पडतो, आणि शेवटची काडी पहिलीपेक्षा चांगली अर्धा सेंटिमीटर लांब निघते. मग कुठलाच चौकोन दुसऱ्याला जुळत नाही आणि दोष मात्र दोऱ्याला जातो.

खळ घरचीच करा. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग एक कप पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळा. पांढरट रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली आणि चमच्याच्या पाठीवर थर धरू लागली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घातली तर ती दोन दिवस जास्त टिकते. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, म्हणजे पुस्तकांना कसर लागत नसे. मोरचूद विषारी आहे, आणि मुलं काम करताना बोटं तोंडात घालतातच, तेव्हा तो घरात आणू नका. फेविकॉल वाईट नाही, फक्त या कामाला तो अडचणीचा आहे: वाळल्यावर कडक होतो, कागद चुकून तिरका लागला तर सोडवता येत नाही, आणि पुढच्या वर्षी कागद बदलताना नळीचा थरच सोलून येतो.

आता बांधणी. मला हा कंदील आवडतो तो या भागासाठी. त्रिकोणांसाठी एकही वेगळी काडी लागत नाही. फक्त सहा चौकोन बांधायचे आणि ते कोपऱ्याला कोपरा जोडायचे, त्रिकोण आपोआप उमटतात.

गोधडी शिवायच्या सुईत जाड सुती दोरा ओवा. नळी उभी धरून सुई आत सोडली की ती घरंगळत खाली येते. अशा चार नळ्या ओवा, दोरा ओढून घट्ट करा आणि गाठ मारा. एक चौकोन झाला. असे सहा. त्यातला एक टेबलावर आडवा ठेवा, हा खालचा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला एकेका चौकोनाचा एक कोपरा बांधा. चार चौकोन आता चार दिशांना पाकळ्यांसारखे पसरलेले दिसतील. ते उचलून उभे करा आणि शेजारशेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा. या झाल्या आणखी चार गाठी. वर चार टोकं उरतात, त्यांना सहाव्या चौकोनाचे चार कोपरे बांधा. एकूण बारा गाठी, म्हणजेच बारा कोपरे. गाठींवर खळ किंवा गोंद लावू नका, नुसता दोरा पुरे. याचं कारण शेवटी येईल.

शेवटची गाठ बसली की हात काढून घ्या आणि सांगाडा बघा. तो डुलेल, पिळेल, एका बाजूला बसेल. मुलं इथे हमखास हिरमुसतात आणि मोठी माणसं गाठी आवळायला लागतात. गाठी आवळून उपयोग नाही, कर्ण अजून पडलेले नाहीत.

कर्णासाठी जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापा, बरोबर २८.३ सेंटिमीटर. २० सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण एवढाच येतो. तुम्ही काडीचं माप बदललंत तर त्याला १.४१४ ने गुणा. ही पट्टी प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही कर्णांवर लावून बघायची. एका कर्णावर लांब आणि दुसऱ्यावर आखूड पडली, तर चौकोन तिरका आहे. पट्टी दोन्हीकडे बसेपर्यंत बोटांनी सरळ करा आणि तसाच धरून दोरा बांधा. दोरा ओढ सहन करतो, पण दाब पडला की ढिला होतो, म्हणून त्याची फुलीच बांधायला हवी, एकाच कर्णावर भागत नाही. काडी मात्र ओढ आणि दाब दोन्ही सोसते, तिथे एक पुरते.

माझी पद्धत अशी: वरच्या तोंडाला दोऱ्याऐवजी एक आडवी काडी, कर्णावर, पक्की. दिव्याचा होल्डरही तिलाच बांधता येतो, म्हणून ती शक्यतो बांबूची किंवा लाकडाची घ्या. खराट्याच्या दोन-तीन जाड काड्या एकत्र बांधल्या तरी चालतात. खालच्या तोंडाला दोऱ्याची फुली. बाजूच्या चार चौकोनांनाही दोऱ्याची फुली घालून ठेवा. तिथे पुढे कागद लागणारच आहे, पण कागद लागेपर्यंत सांगाडा सरळ धरून ठेवायला कोणीतरी हवं, आणि कागद फाटला तरी कंदील उभा राहतो. पांढरा बारीक दोरा असेल तर त्याची सावली जवळजवळ दिसत नाही.

फुल्या पडल्यावर सांगाडा परत हातात घ्या. मघाशी डुलणारी ती वस्तू आता खाली ठेवली तर ठक्क बसते. वरून तळहाताने हलकं दाबून बघा. मुलीचा चेहरा या क्षणी बघण्यासारखा असतो. इथपर्यंत काम आलं की कंदील झालाच समजा, पुढचं सगळं रंगाचं आणि हौसेचं आहे. कागद तिरक्या सांगाड्यावर लावला तर तो त्याला तसाच तिरका गोठवून टाकतो, मग कितीही चांगला कागद आणा. म्हणून एका संध्याकाळी सांगाडा आणि कर्ण, दुसऱ्या संध्याकाळी कागद, अशी वाटणी ठेवा. वसुबारसेला टांगायचा असेल तर आदल्या शनिवार-रविवारी बसलात तरी पुरतं.

कागद पतंगाचा घ्या. तो पातळ, हलका आणि उजेड छान पसरवणारा असतो. जिलेटिन कागद दिव्यापुढे झगमगतो खरा, पण त्यातून आतला बल्ब, वायर, दोऱ्याच्या फुल्या सगळं आरपार दिसतं, आणि त्यावर खळ बसत नाही. बाजूच्या चौकोनांना २२ सेंटिमीटरचे चौरस कापा, म्हणजे चारी बाजूंना सेंटिमीटरभर दुमड मिळेल. कोपरे जरासे छाटून टाका. त्रिकोणांनाही तशीच दुमड ठेवा. वरचं आणि खालचं तोंड मोकळं ठेवायचं, हवा खेळायला आणि हात घालायला.

खळ काडीवर लावायची, कागदावर नाही, आणि तीही बोटाने पुसट. पाणी लागलं की कागदाचे तंतू फुगतात, कागद वाढतो, वाळताना आखडतो. एक भाग ओला आणि एक कोरडा असला की वेगवेगळं आखडून सुरकुत्या येतात. तुमच्या फोटोत काठाजवळ ज्या बारीक सुरकुत्या आहेत त्या यामुळे, आणि मधल्या मोठ्या तिरक्या सुरकुत्या पिळल्यामुळे. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे. एका बाजूचा चौकोन लावला की लगेच त्याच्या समोरचा लावा, मग उरलेले दोन, आणि चारही झाल्यावर त्रिकोण. एकाच बाजूचे कागद आधी लावत गेलात तर वाळताना सगळा ताण एकीकडे येतो.

सगळं वाळल्यावर कागद थोडा सैल वाटला तर याच गुणाचा फायदा घ्या. केसांवर पाणी मारायच्या बाटलीने लांबून अगदी हलका फवारा उडवा, थेंब ओघळता कामा नये. कागद आधी आणखी सैल होईल, मग वाळता वाळता आखडून ताणला जाईल. काही रंगीत पतंगी कागदांचा रंग पाण्याने उतरतो, तेव्हा आधी एका कपट्यावर फवारून बघा. दमट हवेत, कोकणात किंवा मुंबईत, वाळायला रात्रभर द्या. पंख्याखाली घाईने वाळवलात तर पंख्याकडची बाजू आधी ओढली जाते.

झिरमिळ्या लहान मुलांकडे सोपवा. कागदाची लांब घडी घाला, एका टोकाला दोन बोटं कोरी पट्टी सोडून बाकीचा भाग कात्रीने बारीक कापा, उलगडून खालच्या चौकोनाभोवती गुंडाळा. कंदिलाच्या उंचीच्या दीडपट लांबी डोळ्याला बरी दिसते. सातव्या मजल्यावर वारा असतो, तिथे त्या जरा आखूड ठेवा, नाहीतर ग्रिलमध्ये अडकून फाटतात. सोनेरी बेगडाच्या पट्ट्या काठाला लावल्या तर जोडही झाकले जातात. सजावटीला थर्मोकोल मात्र नको. महाराष्ट्रात त्यावर २०१८ पासून बंदी आहे.

दिव्याच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. आत एलईडी बल्ब, ५ वॉटपर्यंतचा, एवढंच. या मापाच्या कंदिलात मधोमध टांगलेल्या बल्बपासून सर्वांत जवळचा कागद साधारण १४ सेंटिमीटरवर असतो. जुना तारेचा बल्ब घेतलेल्या विजेतला बराचसा भाग उष्णतेत घालवतो आणि त्याची काच हात लावता येणार नाही इतकी तापते. वाऱ्याने होल्डर झुलून तो कागदाला टेकला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. पणती किंवा मेणबत्ती कागदी कंदिलात कधीही ठेवू नका, कितीही सुंदर दिसली तरी.

वायर अखंड घ्या, होल्डरपासून प्लगपर्यंत, मधे चिकटपट्टीचा जोड नको. कंदिलाचं वजन वायरवर टाकू नका. वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना सारख्या लांबीचे दोरे बांधून ते वर एका कडीत आणा, कडीला नायलॉनची दोरी, आणि वायर त्या दोरीच्या बाजूने थोडी ढिली सोडलेली. होल्डर त्या आडव्या काडीला दोन ठिकाणी बांधा, म्हणजे फिरणार नाही. बल्ब लावताना, बदलताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागवायचं नाही. हे काम मोठ्यांचं, मुलीने बघायचं.

रंगाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. पिवळसर प्रकाशाच्या बल्बमध्ये निळा भाग कमी असतो, म्हणून निळा आणि जांभळा कागद त्याच्यापुढे मळकट दिसतो. लाल, केशरी, पिवळा उजळतो. निळा कंदील हवा असेल तर पांढऱ्या प्रकाशाचा बल्ब घ्या. दुकानात कागद निवडताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून बघायची सवय करा, ट्यूबच्या उजेडात दिसणारा रंग आणि रात्री दिसणारा रंग यांत फार फरक असतो.

खाली प्रतिक्रियांमध्ये एक-दोन जणांनी परदेशातून विचारलंय. तिथे कामट्या नसल्या तरी बार्बेक्यूसाठीच्या बांबूच्या सळया मिळतात, बहुधा ३० सेंटिमीटरच्या. त्यांची टोकदार बाजू छाटा आणि मग सगळ्यांत आखूड सळईला बाकीच्या जुळवा. पोकळ नसल्यामुळे त्यात दोरा ओवता येणार नाही, कोपऱ्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घालून बांधा. भेटवस्तू गुंडाळायचा टिश्यू पतंगी कागदाच्या जागी उत्तम चालतो. सळई ३० ची राहिली तर कर्ण ४२.४ येतो आणि कंदील मधल्या कोपऱ्यांशी ६० सेंटिमीटर रुंद होतो, तेव्हा खिडकी आधी मोजा.

मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर त्यांच्यासाठी हा कंदील नाही. बारा गाठी होईपर्यंत त्यांचा धीर संपतो. त्यांना कार्डशीटला उभ्या चिरा देऊन गोल वळवलेला कंदील करू द्या, किंवा फुगा फुगवून त्यावर फेविकॉलमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळा, वाळल्यावर फुगा फोडा. तासाभरात काहीतरी हातात येतं, आणि त्या वयात तेच महत्त्वाचं.

तर तुमच्यापुरतं: नळ्याच ठेवा, पतंगी कागदच ठेवा, घरची खळ ठेवा. वरच्या तोंडाला एक आडवी काडी, खालच्या तोंडाला दोऱ्याची फुली, आणि कागदाआधी प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण पट्टीने मोजणं, एवढाच बदल करा.

गाठींवर गोंद नको म्हटलं त्याचं कारण दिवाळीनंतर कळतं. फ्लॅटमध्ये ४० सेंटिमीटर रुंद कंदील वर्षभर ठेवायला जागा नसते, म्हणून लोक तो टाकून देतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. तसं करायची गरज नाही. कागद ब्लेडने काठाकाठाने कापून काढा, दोऱ्याच्या फुल्या कापा, वरची आडवी काडी सोडवा. आता सांगाड्याला पुन्हा चोवीसच काड्या उरल्या आणि तो पुन्हा डुलायला लागला. कंदील एका त्रिकोणावर टेकवून ठेवा, वरच्या बाजूला येणारा त्रिकोण दोन्ही हातांनी धरा, आणि न फिरवता सरळ खाली दाबत जा. सहाही चौकोन एकदमच मिटत जातील, काड्या दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना येऊन लागतील आणि आठ त्रिकोणांचा एक छोटा अष्टफलक तयार होईल. त्याने व्यापलेली जागा उभ्या सांगाड्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा असते. काड्यांवर खळीचे पापुद्रे राहिले असतील तर ते कोरड्या कापडाने घासून काढा, नाहीतर झुरळं येतात. मग तो पिशवीत घालून तोंड बांधा, कर्णाची पुठ्ठ्याची पट्टी त्याच पिशवीत टाका आणि माळ्यावर ठेवून द्या. पुढच्या दिवाळीत उघडून नुसत्या फुल्या बांधायच्या आणि नवा कागद लावायचा. तुमचा जुना सांगाडा बाल्कनीत पडून आहे म्हणालात. नळ्या ओल्या झाल्या नसतील तर यंदा नवीन चौकोन बांधू नका, त्यालाच कर्ण घाला.